कानांची साक्ष

लखनौच्या कैसरबागेत, नवाब वाजिद अली शाहांच्या परीखान्याच्या वास्तूत, आज जे भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय नांदते आहे, त्याची मुहूर्तमेढ १९२६ साली, संयुक्त प्रांताचे तत्कालीन गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे नाव धारण करणाऱ्या मॅरिस कॉलेजच्या रूपाने रोवली गेली, तेव्हा तिच्यामागे राय उमानाथ बली आणि राय राजेश्वर बली या अवधच्या तालुकदारांचे पाठबळ जितके होते, तितकीच मुंबईच्या वाळकेश्वरात जन्मलेल्या आणि वकिलीची सनद घेतलेल्या एका मराठी गृहस्थाची आयुष्यभराची तपश्चर्या होती. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी वकिली केली ती थोडाच काळ. परंतु साक्षीदाराची जबानी घ्यावी, तिची उलटतपासणी करावी, एकाची हकीकत दुसऱ्याच्या हकीकतीशी ताडून पाहावी आणि दोन्ही जुळल्याखेरीज कोणतीही गोष्ट दप्तरी नोंदवू नये, हा न्यायालयातील शिरस्ता त्यांनी संगीताच्या क्षेत्रात आणला, आणि माझ्या मते त्यांच्या कार्याचे खरे सामर्थ्य त्यांच्या दहा थाटांत नसून या शिरस्त्यात आहे. एखादी बंदिश एका खाँसाहेबांच्या मुखातून मिळाली, ती कितीही मनोहर वाटली, तरी दुसऱ्या घराण्यात तिचे कोणते रूप नांदते, ग्रंथ त्या रागाविषयी काय सांगतात आणि प्रत्यक्ष प्रचार काय दाखवतो, याची रुजवात घातल्यावाचून त्यांनी ती स्वीकारली नाही. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा त्यांचा मराठी ग्रंथ गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने लिहिलेला आहे, आणि त्यातला शिष्य जे प्रश्न विचारतो ते पुष्कळदा अडचणीचे असतात.

ही प्रस्तावना येथे करण्याचे कारण असे की, ज्या विषयावर मी लिहिणार आहे त्यात जबान्या विपुल आहेत आणि उलटतपासणी दुर्मिळ. घरच्या संगीतश्रवणाच्या सरंजामात, संगणक किंवा सीडी प्लेयर आणि अँप्लिफायर यांच्या मध्ये बसणारी, अंकांचे विद्युत्प्रवाहात आणि पर्यायाने स्वरात रूपांतर करणारी जी छोटी पेटी, जिला या छंदातील मंडळी ‘डॅक’ म्हणतात, तिच्याविषयी एकजण म्हणतो की तिने गायकाला खोलीत आणून बसवले, दुसरा म्हणतो की तिच्यात ऊब नाही, तिसरा म्हणतो की तंबोऱ्याचे स्वरवलय तिच्यातून विरून जाते; आणि तिची किंमत हजारभर रुपयांपासून कित्येक लाखांपर्यंत कोठेही असू शकते. या कैफियतींपैकी कोणती टिकते हे पाहण्याची तजवीज लखनौमध्येच, आणि तीही एका मराठी घरात, झाली, म्हणून हा लेख.

सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर आणि आटपाडी या बाजूची जी मंडळी सोन्याचांदीच्या गलाईच्या व्यवसायानिमित्त हिंदुस्थानच्या बहुतेक सराफ पेठांत पांगली, त्यांपैकी एका कुटुंबाची दुसरी पिढी लखनौच्या चौक भागातील सराफ्यामागच्या गल्लीत राहते. खाली मूस, भट्टी आणि तेजाबाचा उग्र दर्प. वर, पातळ लखौरी विटांच्या हातभर जाडीच्या भिंतींचा आणि उंच छताचा दिवाणखाना, आणि त्यात दोन उभे स्पीकर, एक अँप्लिफायर, संगणक व चार डॅक मांडलेले. यजमानांना या चार पेट्या एकाच वेळी बाळगण्याची हौस नव्हती; दोन त्यांच्या, एक मित्राची उसनी, आणि एक म्हणजे वडिलांनी घेतलेला जुना सीडी प्लेयर. कोणती ठेवावी याचा निर्णय त्यांना करायचा होता. “दादा, कस लावल्याशिवाय आम्ही पिवळ्या धातूला सोनं म्हणत नाही, मग या पेट्यांना तरी का म्हणायचं?” असे ते मला म्हणाले, आणि धंद्यातून आलेला हा न्याय मला कोणत्याही शास्त्रीय प्रस्तावनेइतकाच भारदस्त वाटला. तपासणीच्या कामी त्यांनी आकाशवाणीच्या सेवेतून निवृत्त झालेल्या, जन्माने लखनवी अशा एका अभियंत्याला पाचारण केले होते. आकाशवाणीचे लखनौ केंद्र २ एप्रिल १९३८ रोजी सुरू झाले, आणि तेथील ध्वनिविभागात ज्यांची हयात गेली त्यांच्या कानांना आणि हातांना एक शिस्त असते. ती या गृहस्थांच्या ठायी पदोपदी दिसत होती.

पेटीच्या आत काय घडते हे वाचकाला ठाऊक नसेल, तर पुढील हकीकतीचा अर्थ लागणार नाही. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील अखंड चढउतार. सीडीच्या पद्धतीत या चढउताराचे मोजमाप दर सेकंदाला ४४,१०० वेळा घेतले जाते आणि प्रत्येक मोजमाप १६ द्विमान अंकांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर, बसवले जाते. ४४,१०० हा आकडा आकाशातून पडलेला नाही: प्रारंभीच्या काळात हे अंक व्हिडिओफितीवर साठवले जात, आणि त्या फितीवर सेकंदाला ६० क्षेत्रे, क्षेत्रागणिक २४५ उपयोगी रेषा आणि रेषेगणिक ३ मोजमापे मावत, त्यांचा हा गुणाकार आहे. माणसाला ऐकू येणाऱ्या ध्वनीची वरची मर्यादा सेकंदाला सुमारे २०,००० कंपने, आणि मोजमापांच्या निम्म्या वेगापर्यंतची सर्व कंपने त्यांतून संपूर्ण परत मिळवता येतात, हा सिद्धांत नायक्विस्ट यांच्या १९२८ च्या आणि शॅनन यांच्या १९४९ च्या निबंधांनी प्रस्थापित केला. अनेक जाणती माणसेही असे समजतात की अंकांतून परत केलेला ध्वनी जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांचा असतो आणि दोन मोजमापांमधले काही तरी कायमचे हरवलेले असते. ही समजूत चुकीची आहे. दिलेल्या बिंदूंतून, दिलेल्या मर्यादेच्या आत राहून, जाऊ शकणारी वक्ररेषा एकच असते, आणि डॅकच्या अखेरच्या टप्प्यातील गाळणीचे काम त्या पायऱ्या काढून टाकून ती एकमेव रेषा पुन्हा प्रकट करणे, हे असते.

भातखंडे यांच्या स्वरलिपीवर त्यांच्या हयातीतच आक्षेप घेतला गेला, की चिन्हांत गाणे मावत नाही. आणि तो अगदीच निराधार नव्हता, कारण मींडेचा झोक, आंदोलनाची गती, श्रुतीचा नेमका ठाव हे क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांतून शिकता येत नाहीत, ते गुरुमुखातूनच घ्यावे लागतात. बेळगावजवळच्या बैलहोंगलचा कृष्णराव गिंडे नावाचा मुलगा अकराव्या वर्षी लखनौस भातखंडे यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्या घरी राहावयास आला तो याचसाठी. आजचे आक्षेपक अंकांवरही तोच आरोप ठेवतात. परंतु ही दोन प्रकरणे एकाच कलमाखाली येत नाहीत. स्वरलिपी दोन स्वरांमधला प्रवास गायकावर सोपवते. सीडीवरील अंक तो कोणावरही सोपवत नाहीत, तो त्यांच्यातच पूर्णपणे निश्चित झालेला असतो.

तरीही रूपांतराचे मार्ग अनेक आहेत, आणि त्या चार पेट्यांत ते जवळजवळ सगळे हजर होते. जुन्या सीडी प्लेयरमध्ये फिलिप्स कंपनीची टीडीए १५४१ ही १९८५ च्या सुमाराची सोळा द्विमानांची चकती, म्हणजे चिप, होती. सोनीचा सीडीपी-१०१ हा पहिला प्लेयर ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात विक्रीस आला तेव्हा फिलिप्सकडे चौदा द्विमानांचीच चकती तयार होती, आणि तिच्याकडून सोळांचे काम करवून घेण्यासाठी त्यांच्या अभियंत्यांनी मोजमापांचा वेग चौपट करण्याची युक्ती योजली, जी पुढे साऱ्या उद्योगाने उचलली. दुसरी पेटी रोधकांच्या शिडीची, उसनी आणलेली, वजनदार आणि चौघींत सर्वांत महाग. शिडीतील प्रत्येक पायरीचा रोधक आपल्या वाट्याचा प्रवाह देतो, आणि सर्वांत वरच्या पायरीत पासष्ट हजारांत एका भागाची जरी चूक राहिली, तरी ती सर्वांत खालच्या पायरीचे संपूर्ण कर्तृत्व बुडवते. म्हणून असे रोधक निवडून, जुळवून बसवावे लागतात आणि किंमत चढते. या विशिष्ट पेटीच्या कर्त्याने तर मोजमापांचा वेग वाढवण्याची युक्तीही त्याज्य मानली होती. तिसरी पेटी आधुनिक प्रकारची, डेल्टा-सिग्मा म्हणून प्रसिद्ध असलेल्या पद्धतीची: ती थोड्याच पायऱ्या वापरते, पण सेकंदाला लाखो वेळा, आणि त्यातून उत्पन्न होणारी खरखर श्रवणाच्या मर्यादेपलीकडे लोटून देते. चौथी म्हणजे संगणकाच्या खाचेत बसणारी, बोटाच्या पेराएवढी, हेडफोनसाठी मिळणारी जोडवायर.

पहिल्या बैठकीत कोणतीही शिस्त पाळली नाही. तशी ती पाळू नये असेच अभियंतासाहेबांनी सुचवले होते. बेगम अख्तरांची एक गझल लावली. अख्तरीबाई फैजाबादच्या, पण १९४५ साली बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या लखनौच्याच झाल्या, आणि ऑक्टोबर १९७४ मध्ये अहमदाबादेस त्यांचे निधन झाले तरी त्यांची कबर येथे पसंदबागेत, आईच्या शेजारी आहे. त्यांच्या आवाजात वरच्या स्वरावर जाताना क्षणार्धापुरती जी चीर पडते, जिला येथील रसिक ‘पत्ती लागणे’ म्हणतात, आणि जिच्यासाठी मैफलीत माणसे श्वास रोखून बसत, ती कोणत्या पेटीतून कशी उमटते हे ऐकण्याचा सर्वांचा संकल्प होता. शिडीच्या पेटीवर ती चीर उमटली तेव्हा बैठकीतून एकच उद्गार निघाला. पत्ती अधिक कोवळी, अधिक जवळची, सारंगी अधिक भरदार. याविषयी यजमान, त्यांचे बंधू आणि मी यांच्यात मतभेद उरला नव्हता. अभियंतासाहेबांनी मात्र मल्टिमीटर काढला. १०० कंपनांचा चाचणीस्वर लावून (साधा मल्टिमीटर याहून फार उंच स्वरावर विश्वासार्ह राहत नाही) त्यांनी प्रत्येक पेटीचा विद्युद्दाब मोजला. सीडीच्या काळापासून रूढ असलेला दाब दोन व्होल्टचा. आधुनिक पेटी त्याबरहुकूम होती, शिडीची पेटी सुमारे २.३ व्होल्ट देत होती. ही तफावत १.२ डेसिबलची होते. एवढ्या फरकाने आवाज मोठा झाला असे सहसा जाणवत नाही. तो अधिक सुंदर झाला असे जाणवते. या छंदातील किती तरी उत्साही जबान्यांचा उगम या एका गोष्टीत आहे, असे माझे मत त्या संध्याकाळी बनले.

मग दाब समान करण्यात आले, दशांश डेसिबलच्या आत, म्हणजे शेकडा एकाच्या आसपासच्या फरकापर्यंत. आणि पेट्यांवर चादर घालून, बदलणाऱ्याने काही न बोलता बदलायचे व ऐकणाऱ्याने वहीत लिहायचे, असा शिरस्ता ठरला. येथे गणिताचा एक सुंदर योगायोग सांगण्याजोगा आहे. सोळा पाळ्यांत ‘ही पेटी की ती’ असा प्रश्न सोळा वेळा विचारला, तर उत्तरांचे संभाव्य क्रम ६५,५३६ होतात, म्हणजे सीडीच्या पायऱ्यांइतकेच. आणि त्यांपैकी केवळ २,५१७ क्रमांत बारा किंवा अधिक उत्तरे बरोबर येतात. निव्वळ अंदाजाने बारा गाठण्याचा संभव अशा रीतीने शेकडा चारांहून कमी, म्हणून बारा ही ग्राह्यतेची सीमा मानण्याची रूढी. अभियंतासाहेबांनी हे सारे पाठीमागच्या पानावर पेन्सिलीने मांडून दाखवले, आणि यजमानांच्या बंधूंनी, जे जमाखर्च सांभाळतात, ते पुन्हा स्वतः करून पाहिले.

निकाल लागण्यापूर्वी एक अडथळा आला, आणि तो मला निकालाइतकाच उद्बोधक वाटतो. रातंजनकरांच्या गायनाचे एक जुने ध्वनिमुद्रण लावले असता, तंबोऱ्याच्या पाठीमागे एक मंद, अविरत गुणगुण ऐकू येऊ लागली, ती जोडवायरीवर आणि आधुनिक पेटीवर ऐकू येई, जुन्या सीडी प्लेयरवर येत नसे. घरातील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा आंदोलतो आणि त्याची दुप्पट, १००, ही अशा गुणगुणीत प्रायः आढळणारी कंपनसंख्या. हार्मोनियमच्या भाषेत ती पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मध्ये, पांढरी पाचच्या किंचित वर पडते. आता काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्यातील मंद्र पंचम सुमारे १०४ कंपनांवर, म्हणजे काळी चारवर असतो. त्यामुळे भिंतीतली वीज आणि मिरजेचा तंबोरा यांच्यात सेकंदाला चारएक ठोक्यांचे भांडण लागते, आणि ज्या श्रोत्याला कारण ठाऊक नाही तो म्हणतो की अंकात्मक ध्वनीत तंबोरा लागत नाही. दोष पेट्यांचा नव्हता. संगणकाचा पुरवठा एका खोलीतील खाचेतून आणि अँप्लिफायरचा दुसऱ्या खोलीतील खाचेतून होता, दोन्हींच्या भूसंपर्कात अंतर होते, आणि त्या दोहोंना जोडणाऱ्या तारेतून ते अंतर प्रवाहरूपाने वाहत होते. सर्व उपकरणे एकाच पट्टीवर आणली आणि संगणक ते आधुनिक पेटी हा दुवा प्रकाशवाहक तारेचा केला, जिच्यातून उजेड जातो पण वीज जात नाही. त्यासरशी गुणगुण थांबली आणि पंचम स्थिर झाला. ज्या नगरांत जुन्या वाड्यांना टप्प्याटप्प्याने वायरिंग झालेले आहे, तेथे नवी पेटी आणण्याआधी एखाद्या चांगल्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घेणे हा खर्चाचा पहिला मुद्दा असावा, असे मी आग्रहाने सांगेन.

चादरीखालच्या परीक्षेत बेगम अख्तरांच्या पत्तीने कोणालाही दगा दिला नाही आणि कोणालाही साथ दिली नाही: जोडवायर, आधुनिक पेटी आणि जुना प्लेयर या तिघींत ऐकणाऱ्यांची उत्तरे नाणे उडवून मिळाली असती तशीच आली. जुन्या प्लेयरची परीक्षा कष्टाची होती, कारण त्याला बाहेरून अंक देण्याची सोय नाही, म्हणून एकाच सीडीच्या दोन प्रती घेऊन दोन्हीकडे एकाच क्षणी सुरू कराव्या लागत, आणि किंचित मागेपुढे झाले की पाळी बाद धरावी लागे. अहमदजान थिरकवा यांचे एकल तबलावादनही लावले. थिरकवा मूळचे मुरादाबादचे, मराठी रसिकांना गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला बसणारे म्हणून परिचित, आणि पुढे याच भातखंडे महाविद्यालयात शिकवून १९७६ साली लखनौमध्येच निवर्तलेले. चाटेवरच्या ‘ना’ची धार ही रूपांतरकाची कठीण कसोटी, कारण शून्यातून शिखरापर्यंत ध्वनी तेथे एका झटक्यात चढतो, आणि डग्ग्यावरची घसीट ही स्पीकरची. धारेत फरक कोणाला सांगता आला नाही.

शिडीच्या पेटीची कथा निराळी झाली. वडीलधाऱ्या मंडळींना ती इतरांहून ओळखता येईना. परंतु यजमानांची महाविद्यालयात शिकणारी कन्या, कथकच्या ध्वनिमुद्रणावर, जेथे घुंगरांचा झंकार सर्वत्र पसरलेला असतो, ती पेटी वारंवार आणि निःसंशय ओळखू लागली. तिने सांगितलेले लक्षण एवढेच: “घुंगरू थोडे लांब गेल्यासारखे वाटतात.” याचा खुलासा अभियंतासाहेबांनी आकड्यांत दिला. मोजमापांचा वेग न वाढवणारी शिडी प्रत्येक मोजमाप पुढच्या मोजमापापर्यंत तसेच धरून ठेवते, आणि या धरून ठेवण्याच्या कृतीतच उंच स्वर उतरत जातात: १०,००० कंपनांवर पाऊण डेसिबल, २०,००० वर तीनांहून थोडे अधिक. वयाबरोबर कानांची वरची मर्यादा खाली सरकते, म्हणून ज्यांचे कान तरुण त्यांनाच ही उतरण दिसावी, हे शरीरधर्माला धरून आहे. ज्याला छंदी मंडळी त्या पेटीची ‘ऊब’ म्हणतात ती काही अंशी ही उतरण. ती कोणाला प्रिय असेल तर तिच्यावर माझा आक्षेप नाही. परंतु अँप्लिफायरवरील ट्रेबलचे बटन किंचित डावीकडे फिरवूनही पुष्कळशी तीच गोष्ट साधते आणि त्याला काही लाख रुपये पडत नाहीत.

घरगुती परीक्षेवर सर्वस्वी विसंबावे असे मी म्हणणार नाही, म्हणून मोठ्या परीक्षांचा दाखला देतो. अमेरिकेत मायर आणि मोरान यांनी अधिक सूक्ष्म मोजमापांच्या ध्वनिमुद्रणांच्या वाटेत सीडीच्या दर्जाचे रूपांतर मुद्दाम घालून श्रोत्यांना फरक ओळखावयास सांगितला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात ५५४ पाळ्यांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे निम्म्याला एक कमी. उलट पक्षी, लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ राइस यांनी २०१६ साली १८ प्रयोगांतील साडेबारा हजारांच्या आसपास पाळ्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा ५२.३ आढळले, इतक्या मोठ्या संख्येत ही अडीच टक्क्यांहूनही कमी अशी वाढ केवळ योगायोगाची ठरत नाही, आणि प्रशिक्षित श्रोत्यांत ती अधिक दिसते. दोन्ही निकाल मी प्रामाणिक मानतो. ते एकमेकांचे खंडनही करत नाहीत: फरक कदाचित असतो, आणि असला तर इतका बारीक असतो की शंभरांत पन्नासऐवजी बावन्न वेळा ओळखला जातो.

त्या दिवाणखान्यात याहून कितीतरी मोठे फरक उघड्यावर पडलेले होते. चार मीटर अंतरावर समोरासमोर असलेल्या दोन भिंतींमध्ये सुमारे ४३ कंपनांचा ध्वनी अडकून घुमतो आणि एका कोपऱ्यात दहा डेसिबलने फुगतो तर दुसऱ्या जागी तितकाच बुडतो. चुन्याचा कडक गिलावा टाळीचा प्रतिध्वनी स्पष्ट परत करतो. यजमानांच्या पत्नीने हिवाळ्यासाठी काढून ठेवलेल्या दोन रजया मागच्या भिंतीवर टांगल्या, जमिनीवर जाड गालिचा अंथरला, स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले, आणि तलत महमूद यांच्या आवाजातला तो प्रसिद्ध कंप, जो आतापर्यंत खोलीच्या घुमण्यात मिसळून जात होता, वेगळा आणि रेखीव ऐकू आला. तलत याच शहरात १९२४ साली जन्मले, मॅरिस कॉलेजात शिकले आणि याच आकाशवाणी केंद्रावरून गाऊ लागले. हा बदल ओळखण्यासाठी चादरीची किंवा वहीची गरज कोणालाही पडली नाही.

मग या पेट्यांच्या बाजारात इतका पैसा का फिरतो, असा प्रश्न वाचक विचारील. त्याचे एक उत्तर असे की ज्या चकत्यांवर हा सारा उद्योग उभा आहे त्या बनवणारे कारखाने मोजकेच आहेत, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये जपानातील नोबेओका येथे असाही कासेई कंपनीच्या चकत्यांच्या कारखान्याला आग लागली तेव्हा जगभरच्या पेट्यांचे उत्पादन अडले आणि अनेक कर्त्यांना दुसऱ्या कंपनीची चकती बसवून आपली पेटी नव्याने रचावी लागली. चकती सर्वांना तीच मिळते. म्हणून जाहिरातीचा भर धातूच्या खोक्यावर, विद्युत्पुरवठ्यावर, तारांवर आणि विशेषणांवर जातो. चांगला विद्युत्पुरवठा आणि टिकाऊ बांधणी यांचे मोल मी नाकारत नाही, विशेषतः जेथे उन्हाळ्यात दाब खालीवर होतो आणि इन्व्हर्टर दिवसातून अनेकदा सुरू-बंद होतो. पण ते मोल हजारांत मोजण्याजोगे आहे.

माझ्या मनाला लागून राहिलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. अंकांतून स्वराकडे येणारा मार्ग आज इतका निर्दोष झालेला असताना, स्वराकडून अंकांकडे जाणारा उलटा मार्ग, म्हणजे जुन्या तबकड्या आणि फिती संगणकात उतरवून घेण्याचे काम, आपण अक्षम्य हयगयीने करतो. डॅक उद्या बदलता येतो. फितीचे आवरण एकदा चिकट होऊन सुटू लागले, किंवा लाखेच्या तबकडीला तडा गेला, की तिचे उतरवणे दुसऱ्यांदा होत नाही. आपल्याकडे घरोघरी होणारे उतरवणे बहुधा असे असते: ७८ फेऱ्यांच्या तबकडीला एलपीची सुई लावतात, जी तिच्या रुंद चरीच्या तळाशी लोळत कचरा गोळा करते, कारण जुन्या चरीला हवी असलेली सुई तिच्या सुमारे तिप्पट जाड असते, मग खरखर फार झाली म्हणून संगणकाकडून ती पुसून घेतात, आणि त्या पुसण्यात तंबोऱ्याच्या जवारीतून निघणारे सूक्ष्म उपस्वर, ज्यांच्याविषयी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ सालीच आश्चर्यपूर्वक लिहिले होते, खरखरीबरोबरच जातात. वेगाचे तर विचारूच नये. सर्व जुन्या तबकड्या ७८ फेऱ्यांवरच कोरल्या गेल्या असे नाही. ७४ वर कोरलेली तबकडी ७८ वर वाजवली तर स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो, काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनच्या उंबरठ्यावर ऐकू येतो, आणि पुढच्या पिढीचा अभ्यासक ती पट्टी खरी मानून लिहून ठेवतो. अशा चुकीपुढे चार पेट्यांमधला फरक कोणत्या हिशेबात धरायचा?

यजमानांनी शेवटी आधुनिक पेटी ठेवली आणि उसनी पेटी सन्मानपूर्वक परत पाठवली. नवी पेटी घेण्यासाठी बाजूला काढलेली रक्कम त्यांनी वेग बदलता येणारा टर्नटेबल, जुन्या चरीची सुई आणि ध्वनीचे अंक करणारे एक चांगले यंत्र यांवर खर्च करण्याचे ठरवले आहे, कारण वडिलांनी विट्याहून येताना आणलेल्या बालगंधर्वांच्या तबकड्या माळ्यावरच्या ट्रंकेत अजून आहेत. आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्राहक संघटनेच्या शिफारशीप्रमाणे सेकंदाला ९६,००० मोजमापे आणि २४ द्विमाने हा दर्जा राहील. मूळ प्रत खरखरीसकट, काहीही न पुसता जपली जाईल, आणि साफ केलेली प्रत वेगळी ठेवली जाईल. वेग ठरवण्यासाठी अभियंतासाहेबांनी सुचवलेला मार्ग त्या घरास शोभेल असा आहे: नाट्यपदांच्या साथीला ऑर्गन असतो, ऑर्गनचा स्वर गायकाप्रमाणे हलत नाही, म्हणून आधी ऑर्गन पट्टीत आणायचा, दोन जणांनी स्वतंत्रपणे, एकमेकांना न सांगता, आणि दोघांचे आकडे जुळले तरच तो वेग तबकडीच्या क्रमांकासमोर वहीत चढवायचा. कन्येने वहीचे रकाने आखून ठेवले आहेत: क्रमांक, लेबल, पद, साथ, सुई, फेऱ्या, आणि शेवटचा रकाना दोन सह्यांचा.